उशीवरचा खळगा

नायिकेला अमानवी नायकाच्या प्रेमात पाडणं फारसं अवघड नसतं. अंधारलेली खोली, ओळख न देणारा पुरुष आणि त्याच्या बोलण्यात दोन शतकांचा एकटेपणा, एवढं जमलं की वाचक आपणहून पुढे सरसावतो. खरं काम सुरू होतं ते दोघांनी एकमेकांना होकार दिल्यावर. तोवर भीती ओसरलेली असते, रहस्य उलगडलेलं असतं आणि समोर उरलेले असतात दोन जीव, ज्यांना आता रोज एकमेकांसोबत राहायचं आहे. एकच कादंबरी लिहिणारा इथे पूर्णविराम देऊन मोकळा होतो. मालिका लिहिणाऱ्याला इथूनच सुरुवात करावी लागते.

माझ्या मालिकेतली मृण्मयी जीर्ण हस्तलिखितं दुरुस्त करते. कसरीने खाल्लेल्या पानांवर खळ लावून पातळ कागद चिकटवायचा, सुटलेले तुकडे जागच्या जागी बसवायचे, हे तिचं काम. निरंजन तिच्याकडे आलेल्या एका पोथीचा लेखनिक आहे. ती पोथी नकलून पुरी होण्याआधीच तो वारला. पोथी उघडी असेल तोवर तो खोलीत असतो, मिटली की नसतो. आणि दोघांमधली सगळ्यात कडक अट अशी, की त्यांचा स्पर्श झाला की मृण्मयीची एक आठवण तिच्यातून निघून जाते आणि त्याची होते. कोणती जाईल, हे दोघांपैकी कुणाच्याच हातात नाही.

या दोघांबरोबर इतकी वर्षं काढल्यावर माझं ठाम मत झालं आहे, की अशा कथांचा जीव अटीत असतो. नायक पिशाच आहे, यक्ष आहे की आणखी कुणी, ही सजावट. त्याच्यावर प्रेम करायचं तर काय द्यावं लागेल, हा गाभा. आपल्या वाङ्मयातली सर्वात जुनी अशी कथा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, पंचाण्णवाव्या सूक्तात आहे. पुरूरवा माणूस, उर्वशी अप्सरा. अवघ्या अठरा ऋचा आणि त्यांत मीलन नाहीच. ती सोडून चालली आहे, तो विनवतो आहे आणि ती परत फिरायला तयार नाही. अटीची हकिगत पुढे शतपथ ब्राह्मणात येते. पुरूरवा आपल्याला कधीही विवस्त्र दिसता कामा नये, असं उर्वशीने बजावलेलं असतं. गंधर्व तिच्या शय्येला बांधलेली कोकरं पळवतात, ती आक्रोश करते, तिच्या हाकेला धावून जाण्याच्या घाईत तो वस्त्र घेत नाही आणि गंधर्व नेमकी त्याच क्षणी वीज चमकवतात. त्याच्याकडून अट मोडली गेली ती प्रेम कमी पडलं म्हणून नव्हे, तिच्यासाठीच धावला म्हणून. ही रचना मी किती वेळा उलटसुलट करून पाहिली असेल! अट अशी हवी की ती मोडण्याचा मोह प्रेमातूनच यावा. बाहेरून आलेला खलनायक अट मोडतो तेव्हा ती फक्त घटना होते.

अटी कुणीतरी कधीतरी ठरवलेल्या असतात, हेही लक्षात ठेवावं लागतं. रक्तपिपासू पिशाच सूर्यप्रकाशात जळून जातं, हे आज सगळ्यांना जन्मापासून माहीत असल्यासारखं वाटतं. पण ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या कादंबरीतला काउंट ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये हिंडतो. उजेडात त्याची शक्ती कमी होते, एवढंच. सूर्याने त्याचा अंत करण्याची कल्पना रूढ झाली ती १९२२ सालच्या जर्मन मूकपटामुळे. म्हणजे नियम नवा करायला कुणाची परवानगी लागत नाही. मात्र एकदा केला की पाळावा लागतो. वाचकाने तुमच्याशी व्यवहार केलेला असतो. त्याने भुतावर विश्वास ठेवायचं कबूल केलं, त्या बदल्यात तुम्ही भुताला मनमानी करू देणार नाही, असं ठरलेलं असतं. सहाव्या भागात कोंडी झाली म्हणून निरंजनला अचानक नवी सिद्धी देणं मला शक्य होतं. त्यानंतरच्या एकाही पानावर कुणाचा जीव खालीवर झाला नसता.

स्टोकरच्याच कादंबरीत आणखी एक नियम आहे. घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय पिशाच पहिल्यांदा उंबरठा ओलांडू शकत नाही, पण एकदा बोलावलं की नंतर हवं तेव्हा येऊ शकतं. माझं अडलं ते त्या 'नंतर'वर. प्रेमकथेत हे मला सोसेना. एका रात्री दिलेला होकार पुढच्या सगळ्या रात्रींना लागू कसा होईल? त्यातून समोरचा दोनशे वर्षं जुना, थकवा नसलेला, मरणाची भीती नसलेला. अशा असमान नात्यात बाईचा नकार कायम शाबूत राहिला पाहिजे. म्हणून पोथी दर वेळी मृण्मयीलाच उघडावी लागते. भांडण झालं की ती उघडत नाही. चौथ्या भागात एक अख्खं प्रकरण पोथी मिटलेली आहे आणि निरंजन कुठेच नाही. तो येईल का, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. ती बोलावेल का, एवढाच प्रश्न असतो आणि सगळी सत्ता तिच्या दोन बोटांत असते. या प्रकारच्या लेखनात पुरुषाची जबरदस्ती हीच उत्कटता म्हणून खपवली जाते, तेव्हा मला मनापासून राग येतो. वाचणाऱ्यांमध्ये कोवळ्या वयाच्या मुली असतात. त्यांच्या हातात आपण काय देतो, याला मी लेखनाचाच भाग मानते.

निरंजन देखणा आहे का, असं विचारलं जातं. मी त्याला घडवलं ते लेखनिकांच्याच शब्दांतून. जुन्या पोथ्यांच्या शेवटी नक्कल करणारे काही ठरावीक श्लोक लिहून ठेवत. त्यांतल्या एकात पाठ, कंबर आणि मान मोडून, डोळे ताठरून, खाली मुंडी घालून कष्टाने लिहिलेला हा ग्रंथ जपावा, अशी विनवणी आहे. दुसऱ्यात पोथीच बोलते. तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस, म्हणते. हे वाचलं आणि माझा नायक माझ्यासमोर उभा राहिला, पाठीत किंचित वाकलेला. मृण्मयीही दिवसभर टेबलावर वाकून बसते, तिचीही मान अवघडते. पहिल्या भागात ती एका हाताने मान चोळते आणि तो विचारतो, "दुखते?" ती म्हणते, "तुमची?" तो म्हणतो, "आठवत नाही." त्यांची प्रेमकथा सुरू होते ती इथे. पुढे तिसऱ्या भागात एका भांडणाच्या ओघात ती त्याला 'तू' म्हणून गेली आणि दोघांपैकी कुणीच ते दुरुस्त केलं नाही.

मालिका लांबली की एक दडपण येतं. पुढचा भाग आधीच्यापेक्षा मोठा हवा. पहिल्या भागात एक वाईट आत्मा असेल तर दुसऱ्यात त्यांची टोळी, तिसऱ्यात टोळीचा राजा आणि पाचव्यात जगबुडी. धोका वाढवला की प्रेम वाढल्यासारखं दिसतं, वाढत मात्र नाही. जगबुडीच्या धांदलीत कुणालाही कुणाचाही हात घट्ट धरावासा वाटेल. दुसरा सोपा मार्ग म्हणजे तिसरा माणूस आणून नायिकेला दोघांत झुलवत ठेवणं. तिसरा, दर भागात नवं जोडपं घेणं. हा तिसरा मार्ग प्रामाणिक आहे आणि अनेक लांब मालिका त्यावरच उभ्या आहेत. मला तो नको होता, कारण मला कुतूहल होतं ते नवव्या वर्षाचं, अकराव्या वर्षाचं. एकच जोडपं, वाढत्या वयासह.

पुढच्या भागाची ओढ कशी लावायची, हे शिकायचं तर वेताळाकडे जावं. सोमदेवाने अकराव्या शतकात 'कथासरित्सागरा'त त्याच्या पंचवीस गोष्टी गुंफल्या. राजाने मौन पाळायचं आहे आणि वेताळ प्रत्येक गोष्टीच्या शेवटी असा प्रश्न टाकतो की न्यायी माणसाला गप्प राहवतच नाही. राजा बोलतो, वेताळ परत झाडावर. इथे संकटाच्या टोकाला आणून सोडलेलं कुणी नाही, कड्यावर लोंबकळणारं कुणी नाही. ओढ आहे ती प्रश्नाची. त्यामुळे माझा कोणताही भाग बंद दाराच्या मागे वाजणाऱ्या पावलांवर संपत नाही. संपतो तो प्रश्नावर. तिने त्याचा हात धरला ते बरोबर केलं का? जी आठवण गेली ती जायला हरकत नव्हती, असं तो कोणत्या तोंडाने म्हणू शकतो?

आता त्या आठवणींविषयी. माझ्याकडे एक वही आहे. डाव्या पानावर स्पर्शाचा प्रसंग, उजव्या पानावर गेलेली आठवण. ही वही मालिकेचा कणा आहे, कारण आठवण जाते त्या भागात तिचं मोल कळत नाही. मोल कळायला वेळ जावा लागतो आणि वेळ म्हणजेच भाग. तिसऱ्या भागात निरंजन घसरत्या शिडीवरून पडणाऱ्या मृण्मयीला सावरतो. दंडाला झालेला निसटता स्पर्श. काय गेलं, तिला कळत नाही. वाचकाला मी एकच ओळ दिली होती, की त्या रात्री निरंजनच्या कानात एका बाईचा आवाज घुमत राहिला. वाचकांना वाटलं, त्याच्या पूर्वायुष्यातली कुणी असेल. मी काही बोलले नाही.

सहाव्या भागात मृण्मयीची धाकटी बहीण बाळाला मांडीवर घेऊन अंगाई गुणगुणते आहे. मृण्मयी दारात उभी राहून ऐकते आणि म्हणते, "किती गोड चाल आहे गं. कुठे ऐकलीस?" बहीण आधी हसते, तिला वाटतं थट्टा चालली आहे. मग मृण्मयीचा चेहरा बघते. "ताई, आईची आहे ही. तूच शिकवलीस मला."

रात्री ती पोथी उघडते. निरंजन येतो. ती काहीच विचारत नाही, फक्त पहिली ओळ म्हणते, बहिणीकडून नुकतीच पाठ केलेली, चाचपडत. आणि तो दुसरी ओळ म्हणतो, एकाही स्वराला न अडखळता. मग तिसरी. टेबलाच्या दोन बाजूंना दोघं बसलेले. ती विचारते, "आई गाताना मध्येच श्वास घ्यायची का रे?" तो सांगतो, हो, तिसऱ्या ओळीआधी, आणि बाळ झोपलं की शेवटचे शब्द गिळून टाकायची. ती हे सगळं लिहून घेते. कुणी मरत नाही, दिवा विझत नाही, वारा सुटत नाही. अख्ख्या मालिकेत वाचकांनी मला सर्वांत जास्त लिहिलं ते या प्रकरणाबद्दल.

हे दृश्य एकाच कादंबरीत बसवता आलं असतं का? तांत्रिकदृष्ट्या आलं असतं. पण शिडीचा प्रसंग आणि अंगाई यांच्या मधली वर्षं वाचकानेही जगलेली असावी लागतात. तिसरा भाग वाचताना ज्या मुली कॉलेजात होत्या, त्यांतल्या काही सहावा वाचताना मांडीवर मूल घेऊन बसल्या होत्या. लेखकाला अशी मदत दुसरा कुठलाच साहित्यप्रकार देत नाही.

स्पर्शाच्या अटीमुळे शृंगार लिहिणं अवघड झालं का? उलट झालं. मोजून मिळणाऱ्या गोष्टीकडे माणूस किती निरखून बघतो! त्याच्या बाहीची कड आणि तिचं मनगट यांतलं बोटभर अंतर मी पानभर लिहू शकते आणि वाचक ते श्वास रोखून वाचतो. बेधडक वर्णनांना माझा विरोध नाही. शरीर हा प्रेमकथेचा विषय आहेच आणि तो संकोच न करता लिहावा. पण देहाला किंमत असली तरच ते वर्णन प्रेमकथेचं होतं. निरंजन सुरुवातीला उशीवर डोकं टेकवतो तेव्हा उशी तशीच राहते. तो जिथे बसतो तिथली धूळ हलत नाही. आठवणी जमत जातात तसा त्याला भार येऊ लागतो. पाचव्या भागाच्या शेवटी, पोथी मिटल्यावर, मृण्मयीला शेजारच्या उशीवर पहिल्यांदा खळगा दिसतो. जितका हवा होता तितकाच तो तिला घाबरवतो, कारण तो कशाचा बनला आहे हे तिला ठाऊक आहे. ती त्यावरून हात फिरवत नाही आणि उशी सारखीही करत नाही. माझ्या मते मी लिहिलेलं सर्वांत शृंगारिक दृश्य तेच आहे.

ज्यांचे पती विस्मरणाच्या आजाराने सगळं विसरत चालले होते, अशा एका वाचक बाईंनी मला लिहिलं होतं, की त्या ही मालिका निरंजनच्या बाजूने वाचतात. दोघांचा संसार आता त्या एकट्याच आठवतात आणि समोरच्याला त्याचंच आयुष्य थोडं थोडं सांगत राहतात. तोवर मी निरंजनकडे घेणारा म्हणून बघत होते. त्या पत्रानंतर तो सांभाळणारा झाला. सातव्या भागाचं सगळं धोरण तिथून बदललं. भुताखेतांच्या प्रेमकथा म्हणजे वेळ घालवायची साधनं, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण मला त्यांचं म्हणणं अजिबात पटत नाही. एकाला विसर पडतो आणि दुसऱ्याला सगळं आठवतं, एकाचं वय वाढतं आणि दुसऱ्याचं थांबतं, एक जातो आणि एक मागे राहतो, या गोष्टी दीर्घ सहवासात कुणालाच चुकत नाहीत. अद्भुताची जोड दिली की त्या डोळ्यांना दिसतात, हाताला लागतात.

वयाचं तर विशेष. पहिल्या भागात चोवीस वर्षांची असलेली मृण्मयी आता बेचाळीसची आहे. तिला जवळचं वाचायला चश्मा लागतो. निरंजन बत्तीस वर्षांचाच आहे. अशा जागी लेखकासमोर दोन ठराविक दारं असतात. तिला अमर करा, नाहीतर त्याला माणूस करा. महाभारताच्या आदिपर्वात तिसरं दार आहे. प्रमद्वरा लग्नाआधी सर्पदंशाने मरते आणि तिचा नियोजित वर रुरू आपलं अर्धं आयुष्य तिला देऊन तिला उठवतो. कुणीच अमर होत नाही, जे आहे ते दोघांत वाटलं जातं. मला ही कथा फार प्रिय आहे. इतक्या थोडक्या जागेत प्रेमाचा एवढा चोख हिशेब दुसरीकडे क्वचितच सापडेल. ती आपल्या मालिकेत जशीच्या तशी आणावी, असं पुष्कळ वाचकांनी सुचवलंही. पण निरंजनकडे द्यायला आयुष्यच नाही. त्याच्याकडे आहेत तिच्याच आठवणी.

शेवट गोड हवा, हा आग्रहही मला मान्य आहे. अमेरिकेतल्या प्रणयकथा लेखकांच्या संघटनेने केलेल्या व्याख्येत दोनच गोष्टी आहेत. प्रेम कथेच्या केंद्रस्थानी असावं आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशादायी असावा. यात कमीपणा वाटावा असं काही नाही. इतकी वर्षं सोबत चाललेल्या वाचकाला शेवटच्या पानावर धक्का देऊन सोडून जाण्यात कसलं धाडस आलं? मात्र समाधान फुकट मिळता कामा नये. गेलेल्या सगळ्या आठवणी एका मंत्राने परत आल्या, तर ती अंगाई खोटी ठरेल आणि त्या बाईंच्या पत्राला माझ्याकडे उत्तर उरणार नाही.

वेताळाच्या गोष्टी जिथे थांबतात ती जागा मी सध्या पुन्हापुन्हा वाचते आहे. अखेरच्या कोड्याला राजाकडे उत्तर नसतं, तो गप्पच राहतो आणि तिथे ते झाडाकडे परतणं थांबतं. माझ्या पोथीचं शेवटचं पान दुसऱ्या भागापासून कोरं आहे. ते लिहून पुरं झालं तर निरंजन सुटेल, हे वाचकांना माहीत आहे. ते लिहावं की नाही, याला मृण्मयीकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. म्हणून ते पान मी कोरंच ठेवणार आहे. दोघांनी मिळून, समजून, कोरं ठेवलेलं.

त्याऐवजी निरंजन दुसरं काही लिहायला घेतो. तो लेखनिक आहे, नक्कल करणं ही त्याची विद्या. तिच्या ज्या ज्या आठवणी त्याच्याकडे आल्या, त्या तो एकेक करून कागदावर उतरवतो आणि सकाळी पोथी मिटल्यावर मृण्मयी ते वाचते. तिच्या आठवणी तिला परत मिळत नाहीत, पण तिचं बालपण तिला त्याच्या अक्षरात वाचायला मिळतं. हा भाग लिहिताना एक पेच पडला होता. आठवण आता त्याची आहे, घडलेलं मात्र तिचं आहे. मग त्याने लिहिताना 'मी आईच्या मांडीवर' असं म्हणायचं की 'ती आईच्या मांडीवर'? बरेच दिवस दोन्ही खर्डे टेबलावर होते. सोडवणूक लेखनिकांच्याच आणखी एका श्लोकात मिळाली. यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया. जसं पाहिलं तसं लिहिलं, शुद्ध असो वा अशुद्ध. नक्कल करणाऱ्याने मुळातला शब्द बदलायचा नसतो, तेव्हा निरंजन 'मी' असंच लिहील. पहिली तीन पानं त्याने लिहून झाली आहेत. चौथं पान अंगाईचं आहे आणि तिसऱ्या ओळीआधीचा तो श्वास कागदावर कसा दाखवायचा, हे त्याला अजून ठरवायचं आहे.